रुमालाखालचा सौदा

२२ डिसेंबर, किनवट

मला हे लिहिणे भाग पडले, कारण गुणाबाई खोटे बोलते.

आज सकाळी नळावर तिने केवळाबाईंना, म्हणजे आमच्या घरमालकिणीला, सांगितले की धंद्याची कल्पना तिची आणि घोडी ही माझी चूक. दोन्ही खोटे आहे. चूक झालेली नाही आणि कल्पना माझी आहे. तोंडी वादात गुणाबाईपुढे माझा टिकाव लागत नाही, कारण ती मधेच हसायला लागते आणि मग केवळाबाईही हसतात. लातूरला मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर असताना प्रत्येक तक्रारीची मी लेखी नोंद ठेवत असे. नोंद दाखवली की हसणारे गप्प बसतात. म्हणून ही वही.

नोंद पूर्ण असावी. माझी भाची मनस्विनी इथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. तिच्या खाण्यापिण्याची आबाळ होऊ नये म्हणून निवृत्तीनंतर मी जूनमध्ये इथे आले. ती दवाखान्यातच काहीतरी खाते आणि घरी झोपायला येते. आसपासचे लोक आपसात गोंडी, तेलुगू, बंजारी बोलतात. आमच्याशी मराठी बोलतात ते पाहुण्याशी बोलावे तसे, थोडक्यात. वसतिगृहात मला दिवसभर कुणी ना कुणी घाबरत असे. इथे पहिले दोन महिने मी बोलले ते बहुतेक कुकरशी.

गुणाबाई त्याच आवारातल्या पलीकडच्या खोलीत राहते. रेणापूरकडच्या शेतकरी घरातली. धाकटा मुलगा बालाजी रेल्वेत पॉइंट्समन, सून उज्वला. गुणाबाईही इथे परकीच. लातूर आणि रेणापूर एकमेकांना लागून, पण तिकडे आमची ओळख झाली नसती. झाली असती तर तिने दारात उभे राहून हुरडा दिला असता आणि मी आतून डबा रिकामा करून आणला असता, इतकीच. इथे आम्ही दोघी "तिकडच्या बाया".

आता मूळ प्रकरण. गुणाबाई दरवर्षी माळेगावच्या जत्रेला जाते. यंदा तिला सोबत नव्हती म्हणून मी गेले. मला लोखंडी तवा घ्यायचा होता. जनावरांच्या बाजारातून जाताना उदगीरकडचा शंकरप्पा नावाचा व्यापारी एका पांढऱ्या घोडीजवळ उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले, उजवा हात रुमालाखाली घातला आणि तो हात माझ्यापुढे धरला. आयुष्यभर मुलींनी ओढणीखाली लपवलेल्या वस्तू काढल्या आहेत मी. मी रुमालाखाली हात घातला, त्याचा पंजाच्या पंजा घट्ट धरला आणि म्हणाले, "काय लपवलंय? उघड!"

शंकरप्पाचे डोळे मोठे झाले. मग तो आनंदाने ओरडला, "मुगीतु, अक्का! झालं!"

"काय झालं?"

"आवं बाई, सोडा त्याचा हात," गुणाबाई म्हणाली. हसून तिला उभे राहवत नव्हते. "भाव बोटानं करतेत इथं. तुमी सगळी बोटं दाबली. सौदा झाला की!"

मी दिलेला शब्द मागे घेत नाही. तो शब्द नव्हता, हात होता, हे मान्य. पण चारचौघांनी पाहिला होता. घोडी घेतली. गुणाबाईने काही न विचारता निम्मा वाटा उचलला.

"निम्मी घोडी माझी," ती म्हणाली.

"कोणती निम्मी?"

"मागची. फुडची तुमची. दात तिकडं हायेत."

बैलांच्या टेम्पोतून घोडी किनवटला आणली. टेम्पोतच मी म्हणाले, "या जनावराने आता कमावून खाल्ले पाहिजे." हीच ती कल्पना. तिने त्यानंतर "धपाटे करून बाजारात न्यावे" एवढे म्हटले. तो तपशील झाला, हे मी तिला नळावरच सांगितले.

तवा राहून गेला.

२५ डिसेंबर

केवळाबाईंच्या गोठ्यात त्यांच्या सासऱ्याचा जुना टांगा पडला होता. तो वापरायला दिला. चाके सुताराने दुरुस्त केली, टप बालाजीने शिवून घेतला. अट एकच. टांग्याच्या मागच्या पेटीत कोंबडी अंड्यांवर बसली आहे, तिला उठवायचे नाही.

"पण टांगा बाजारात न्यायचाय," मी म्हणाले.

"न्या की," केवळाबाई म्हणाल्या. "ती कुठं न्हाई म्हणून राहिली?"

गुणाबाईने घोडीचे नाव 'मॅडम' ठेवले. का, ते सांगत नाही. घोडी मान ताठ ठेवून चालते, कुणाला अंगाला हात लावू देत नाही, उगाच फुरफुरते, आणि गुळाचा खडा दाखवला की लगेच नरम पडते. नावाला अर्थ असावाच लागतो असे नाही. मी हरकत घेतली नाही. मात्र आवारात कुणी "मॅडम" म्हटले की घोडी आणि मी, दोघी वळून पाहतो, ही गैरसोय आहे.

कामाची वाटणी ठरली. लगाम माझ्याकडे, तवा तिच्याकडे. शिस्त माझ्याकडे. हसणे बंद.

शेवटचे तिने मान्य केले नाही.

२ जानेवारी

पहिला बाजार, बोधडीचा.

मॅडम माझ्या लगामाने चालत नाही. गुणाबाई मागून बोलत राहिली तरच चालते. काय बोलायचे याचा नेम नाही. आज तिने घोडीला रेणापूरची भावकी ऐकवली. कोणत्या चुलत सासूने कोणती पाटली कुणाला दिली नाही, वगैरे. घोडी कान टवकारून ऐकत होती. मीही ऐकत होते, पण ती भावकी इतकी गुंतागुंतीची आहे की एका वळणावर मी "मग ती पाटली मिळाली का?" असे विचारले आणि माझा लगाम ढिला पडला. आम्ही हरभऱ्याच्या शेतात गेलो. शेतमालक चांगला निघाला. त्याने टांगा बाहेर काढून दिला आणि तोही पाटलीचे विचारू लागला.

बाजारात चिंचेखाली टांगा सोडला. गुणाबाईने चूल मांडली, ओल्या फडक्यावर धपाटे थापले. ज्वारीचे पीठ, बेसन, लसूण, तीळ. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी. वास सुटला तशी माणसे जमली आणि वाटेल तसे हात पुढे करू लागली. मी निवृत्तीच्या वेळी मुलींनी दिलेली पितळी घंटा वाजवली.

"रांग! आधी हात धुऊन या. नखे दाखवा. खाताना बोलायचे नाही."

एक म्हातारे गृहस्थ नखे दाखवून म्हणाले, "बाई, पास का?"

"काठावर," मी म्हणाले. त्यांना धपाटे मिळाले.

दुपारी मागच्या पेटीतून चिवचिव ऐकू आली. पिल्ले बाहेर पडली होती. सगळा बाजार टांग्याभोवती गोळा झाला. गुणाबाई पीठ लागलेल्या हातांनी टाळ्या वाजवत होती. मी लोकांना रांगेत पिल्ले पाहायला लावली.

येताना गुणाबाई म्हणाली, "बाई, तुमी हसल्या आज."

मी हसले नव्हते. उन्हाने डोळे बारीक झाले होते.

११ जानेवारी

शिस्तीबाबत एक गोष्ट समजत नाही. तीच ती माणसे बाजाराला हात न धुता येतात. मी ओरडते. मग ती एकमेकांना कोपराने ढोसत, खुशीत हात धुऊन येतात. आज दोन बाया मुद्दाम रांग मोडून माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि "आमाला बी वरडा की" म्हणाल्या. मी ओरडले. त्या समाधानाने गेल्या. या भागात शिस्तीची भूक किती मोठी आहे हे शासनाला कळले पाहिजे.

मनस्विनीला सांगितले. ती घास तोंडात घेऊन बराच वेळ खाली पाहत राहिली. तिचे खांदे हलत होते. ठसका लागला असावा. हल्ली ती जेवायला घरी येते.

१ फेब्रुवारी

घडले ते क्रमाने लिहिते.

बाजाराहून परत येताना गोकुंद्याच्या रस्त्यावर समोरून वरात आली. बँड, फेटे, नवरदेव सजवलेल्या जीपमध्ये. मी टांगा बाजूला घेतला. बँडने नवे गाणे धरले. मॅडमने कान मागे केले. मग पुढचा उजवा पाय उचलला आणि हवेतच धरून ठेवला.

"गुणाबाई, हिला काय झालं?"

"बाई," ती हळूच म्हणाली, "ही वरातीची घोडी दिसती."

शंकरप्पाने हे सांगितले नव्हते. घोडी नाचायला लागली. दोन पाय इकडे, दोन पाय तिकडे, मान खाली-वर, गळ्यातली घंटा तालावर. टांगा नाचला. टांग्याबरोबर मी नाचले, म्हणजे मी बसलेलीच होते, पण ते नाचण्यासारखेच होते. मी "थांब! थांब म्हणते ना!" असे ओरडत होते, ते वऱ्हाडाला गाण्याचाच भाग वाटले, ते माझ्यामागून "थांब! थांब!" असे सुरात म्हणू लागले. नवरदेव जीपमधून उतरला. त्याच्या आजीने मला ओवाळले. मला! कुणीतरी माझ्या डोक्यावर फेटा ठेवला. पिल्लांची पेटी उघडली आणि पिल्ले जीपमध्ये बसलेल्या नवरदेवाच्या मामाच्या मांडीवर गेली.

आम्ही मांडवापर्यंत नाचत गेलो. उरलेले धपाटे वऱ्हाडाने उभ्या उभ्या खाल्ले. नवरदेवाचे वडील हात जोडून म्हणाले, "बाई, पुढच्या महिन्यात धाकटीचं हाय. घोडीसकट या."

मी म्हणाले, "रांगेत उभे राहणार असाल तर येऊ."

येताना गुणाबाई टांग्यात आडवी होऊन हसत होती. हसता हसता तिने डोळे पुसले आणि पुसतच राहिली. एवढे काय हसायचे, मी विचारले.

"कायी न्हाई, बाई," ती म्हणाली. "याद ऱ्हाईल."

२ फेब्रुवारी

सर्व अंग दुखते. गुणाबाई येऊन तेल लावून गेली. फेटा अजून खुंटीवर आहे. परत करायचा राहिला. घाई नाही.

१२ फेब्रुवारी

गुणाबाई आळशी होत चालली आहे.

आज बाजारात तिने पीठ माझ्यापुढे सरकवले. "तुमी थापा. माझा खांदा दुखून राहिला." मागच्या बाजारातही दुखत होता. मी थापलेला धपाटा पाहून गिऱ्हाईक म्हणाले, "हा कोणत्या जिल्ह्याचा नकाशा?" गुणाबाईने माझा हात धरून फडके कसे फिरवायचे ते दाखवले. मग पुन्हा. मग पुन्हा. एवढा वेळ शिकवण्याऐवजी तिने स्वतः थापले असते तर बाजार लवकर उरकला असता.

घोडीच्या बाबतीतही तेच. येताना ती मागे गप्प बसून राहिली. "आता तुमी बोला तिच्याशी."

"काय बोलू?"

"काय बी. तुमच्या पोरींचं सांगा."

मी मॅडमला सांगितले की वसतिगृहात एका मुलीने पलंगाखाली मांजर पाळले होते आणि मी ते सहा महिने न पाहिल्याचे सोंग केले. हे मी कधी कुणाला सांगितले नव्हते. घोडी घरापर्यंत न थांबता आली. गुणाबाई मागून म्हणाली, "बगा. ऐकती का न्हाई तुमचं? आता माझी गरज न्हाई."

मी म्हणाले, "कामचुकारपणाला हे कारण चांगले आहे."

ती हसली नाही. खांदा खरेच दुखत असावा.

१९ फेब्रुवारी

माझे धपाटे गोल आले. मनस्विनीने ताटातले संपवून परातीतले उचलले. सांगितले की गुणाबाई हल्ली सगळे माझ्या गळ्यात टाकते.

मनस्विनी म्हणाली, "मावशी, त्या तुला तयार करून ठेवताहेत."

"कशासाठी?"

तिने पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिली. डॉक्टर झाली तरी सरळ उत्तर देत नाही.

४ मार्च

धुळवड. सगळ्या आवाराने एकमेकांना रंग लावला. मला कुणी लावणार नाही असे मी सकाळीच जाहीर केले होते आणि जुने पातळ नेसून ओट्यावर बसले होते. गुणाबाई आली नाही.

दुपारी तिच्या खोलीवरून गेले. उज्वला गोणपाटात भांडी बांधत होती. मला पाहून तिने गोणपाटावर चादर टाकली. चादरीखाली काय आहे हे मला नेहमीच कळते.

माझा तर्क असा. गुणाबाई वेगळा धंदा काढणार. कदाचित स्टेशनवर. मला थापायला शिकवून हात झटकून मोकळी होणार. भागीदाराला आधी सांगायचे असते. मी तिच्याशी बोलणार नाही.

५ मार्च

बोललेच नाही. तीही बोलली नाही. घोडीने दिवसभर चारा खाल्ला नाही. ऊन वाढले आहे.

६ मार्च

सकाळी नळावर केवळाबाई सहज म्हणाल्या, "खोली रिकामी होऊन राहिली, कुणी भाडेकरी असला तर सांगा बाई."

"कुणाची खोली?"

त्यांनी हंडा खाली ठेवला. "तुमाला मालूम न्हाई?"

बालाजी ड्यूटीवरून येत होता. त्याला फाटकातच थांबवले. तो सायकल धरून उभा राहिला, वसतिगृहातल्या उशिरा आलेल्या मुली उभ्या राहत तसा.

"मावशी, मुदखेडला बदली झाली माझी. जानेवारीतच आर्डर आली. मी मुदत मागून घेतली. आता परवाच्या आत हजर व्हायचंय."

"जानेवारीत?"

"आईनं सांगू दिलं न्हाई. शप्पथ घातली."

रेल्वेची नोकरी बदलीची असते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. तरी मी त्याच्यावर ओरडले. तो हसला नाही.

मी गुणाबाईच्या दारात गेले. ती पीठ चाळत होती. इथले शेवटचे पीठ.

"मला का सांगितलं नाही?"

"काय सांगू तुमाला?" तिने चाळणी थांबवली नाही. "सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशीपासून तुमी मला 'अहो गुणाबाई, बसा ना, घ्या ना' करून बोलल्या असत्या. मला सोसलं नसतं ते. म्हणलं, वरडू द्या शेवटपर्यंत."

"मी तुम्हाला कामचुकार म्हणाले."

"हाव. लई बरं वाटलं."

घरी आले. कुकर लावला. त्याच्याशी काही बोलावेसे वाटले नाही.

७ मार्च

चार्ज देण्याघेण्याची एक पद्धत असते. माणूस जात असले म्हणून पद्धत मोडायची नसते. सकाळी सर्व सामान आवारात मांडले आणि गुणाबाईला बोलावले. मनस्विनी रजेवर होती. केवळाबाई नळावर होत्या, आणि त्यांचा हंडा भरून वाहत होता तरी त्या तिथेच होत्या.

"तवा," मी म्हणाले. "तुमचा."

"तुमाला ऱ्हाऊ द्या. थापायला आलं की आता."

"परात तुमची."

"मला घरात हाय."

"टांगा केवळाबाईंचा."

"न्या की," केवळाबाई नळावरून म्हणाल्या. "मला काय करायचाय? कोंबडी उतरली ना."

"घोडी," मी म्हणाले. "घोडी तुमची. ती तुमचं ऐकते."

"हात कुणी धरला होता शंकरप्पाचा? घोडी तुमची."

"निम्मी तुमची आहे."

"मग करवत आणू का?"

"कल्पनाही तुमची होती," मी म्हणाले. हे कसे तोंडातून गेले माहीत नाही.

"न्हाई बाई. तुमची होती. टेम्पोत तुमीच म्हणल्या, जनावरानं कमवून खावं."

"धपाट्यांचं तुम्ही म्हणालात!"

"त्ये आपलं असंच. तपशील."

मी माझा शब्द ओळखला. मी म्हणाले, "गुणाबाई, उगाच वाद घालू नका. कल्पना तुमची होती, आणि मी ते लिहून देते."

"लिहून दिलं तर मी फाडीन."

मनस्विनी ओट्यावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून होती. घोडी गोठ्यातून फुरफुरली. मला आणखी काही वस्तू आठवेना. सामान संपले होते आणि एकाही वस्तूचा निकाल लागला नव्हता.

तेव्हा गुणाबाईने पदर सोडला, उजवा हात त्याखाली घातला आणि माझ्यापुढे धरला.

"बोला," ती म्हणाली. "तोंडानं न्हाई जमायचं तुमाला. बोटानं बोला."

पहिले बोट धरले की काय, दुसरे धरले की काय, हे मला अजून माहीत नाही. कधी शिकलेच नाही. मी पदराखाली हात घातला. तिचा पंजा पिठाने खरखरीत झाला होता. मी सगळीच्या सगळी बोटे धरली, माळेगावला धरली होती तशी, आणि दाबली.

या वेळी ती हसली नाही. मग म्हणाली, "मुगीतु."

"काय ठरलं गं?" केवळाबाईंनी विचारले.

"पदराखालचं सांगायचं नसतं," मी म्हणाले. माझा आवाज नीट नव्हता. धुळीने.

"बाई," गुणाबाई म्हणाली, "सौदा झाला. हात सोडा आता, पीठ उघडं पडलंय."

मी आणखी थोडा वेळ सोडला नाही.

१४ मार्च, भोकरच्या अलीकडे, लिंबाखाली

बालाजी आणि उज्वला रेल्वेने पुढे गेले. पदराखाली ठरले त्याप्रमाणे आम्ही दोघी टांग्याने मुदखेडला निघालो आहोत. सकाळी चालतो, ऊन चढले की थांबतो, चूल मांडतो. हिमायतनगरला रांग मोठी होती. तिथली माणसे नखांच्या बाबतीत बरी आहेत.

रस्त्यात ट्रकवाले थांबून विचारतात, "आज्ये, कुठं निघाल्या?"

"मुदखेडला," गुणाबाई सांगते.

"रेल्वे हाय की!"

"घोडीला तिकीट देत न्हाईत."

एका ट्रकवाल्याने आमच्यासाठी मोठ्याने गाणे लावले. मॅडम नाचली. मी थांब म्हणाले नाही. फेटा वाऱ्याने उडेल म्हणून तो पदरात घट्ट बांधून ठेवला होता, तो काढून डोक्यावर घातला, कारण ऊन होते.

मुदखेडला माझ्यासाठी उज्वलाने खोली पाहून ठेवली आहे. त्यांच्या घराला लागून, गोठा असलेली. मी विचारले, कधी पाहिली? गुणाबाई चुलीत फुंकर घालत म्हणाली, "जानेवारीत." एवढ्या आधी कशाला पाहिली, ते तिने सांगितले नाही. दूरदृष्टी म्हणायची.

देण्याघेण्याची नोंद पुढीलप्रमाणे.

केवळाबाईंना: गुणाबाईच्या खोलीची किल्ली, कोंबडी आणि तिचा सगळा परिवार. त्यांनी एक पिल्लू टांग्यात परत टाकले. ते कुणाच्या वाट्याचे, यावर वाद चालू आहे.

मनस्विनीला: कुकर, आणि गोल धपाट्यांचा डबा. तिच्याकडून: एक मिठी, आवारात, सर्वांसमोर. तिची नोकरी जूनपर्यंत; सुट्टीला मुदखेडला येणार आहे. तिने मला पंधरा दिवसांत एकदा रक्तदाब तपासून घेण्याची ताकीद दिली. ओरडून दिली. चांगले ओरडते.

गुणाबाईकडे: लगाम. कारण माझ्या मनगटात कळ येते, आणि घोडी तिच्या हाताखाली शांत चालते. मी मागे बसून घोडीशी बोलते.

गुणाबाईकडून माझ्याकडे: तवा.

शंकरप्पाला निरोप: पुढच्या माळेगावला आम्ही येणार. रुमाल आणावा.

शेवटची वस्तू ही वही. कालपासून गुणाबाई विचारत आहे की कल्पना कुणाची म्हणून लिहिले आहे. आज चालत्या टांग्यात दिली. ती बोट ठेवून, एकेक अक्षर लावून वाचते. पहिली ओळ वाचली. पुन्हा वाचली. लगाम हातातून सुटला. मॅडम रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागे एसटी, मोटरसायकली आणि उसाची बैलगाडी अडकली होती आणि मी खाली उतरून सगळ्यांना रांगेत घेतले.

ही नोंद पुरी करण्यासाठी वही तिच्याकडून ओढून घेतली आहे. आता परत देते. पहिल्या ओळीच्या पुढे ती अजून गेलेली नाही. हसून राहिली आहे.